अंतर छापता, तसे तासही छापा

संपादक साहेब, नमस्कार.

परदेशाची नवीन विमानसेवा सुरू झाली की पेपरात अंतर येतं, मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे १२,५०० किलोमीटर वगैरे, पण प्रत्यक्षात किती तास बसावं लागतं आणि तिकिटावरची वेळ कुठल्या घड्याळाची असते हे कोणी लिहीत नाही, आणि वयस्कर माणसं नेमकी तिथेच फसतात.

जूनमध्ये आईबाबा धाकट्या बहिणीकडे न्यू जर्सीला (न्यूयॉर्कला लागूनच, घड्याळही तेच) गेले. तिकिटावर सुटायची वेळ १२ तारखेला रात्री १.३०, पोचायची त्याच दिवशी सकाळी ७.३०. बाबा सगळ्यांना सांगत होते सहा तासांत पोचतो, एजंटनेही काही सांगितलं नाही. अहो दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात, उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणजे प्रवास झाला साडेपंधरा तासांचा! आणि १२ ची फ्लाइट म्हणजे ११ ला दुपारीच सांगलीतून निघावं लागलं ते वेगळंच.

रात्री नऊला पनवेलजवळ जेवून बाबांनी शुगरची गोळी घेतली. विमानात बसल्या बसल्या, कोणीतरी सांगितलेलं म्हणून, घड्याळ तिकडच्या वेळेला लावलं, मग त्यात रात्रीचे नऊ वाजले तशी तीच गोळी परत घेतली, तेव्हा आपल्याकडे सकाळचे फक्त साडेसहा झालेले. खिडक्या बंद, दिवस की रात्र काही कळत नाही. थोड्या वेळाने शुगर एकदम उतरली, दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. आईने पर्समधली खडीसाखर तोंडात घातली, एअर होस्टेसने ज्यूस आणला म्हणून निभावलं.

पुष्कळ जण अंतराला ९०० ने भागतात, १४ तास येतात, पण तसं होत नाही कारण वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, जाताना तो समोरून आणि येताना पाठीमागून, म्हणून परतीला पाऊण तास तरी कमी लागतो. शिवाय ते १२,५०० म्हणजे पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून मोजलेलं, तो दोरा पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशियावरून पार आइसलंडकडे जातो (सपाट नकाशात पटत नाही, ग्लोबवर धरून बघा). एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या कंपन्यांच्या विमानांना हद्द बंद केली तेव्हा दिल्लीहून निघालेल्या काही विमानांना तेल भरायला युरोपात उतरावं लागलं होतं. अंतर तेच, तास वाढले.

म्हणून विनंती, अशा बातमीत जायचे तास, यायचे तास आणि दोन्हीकडच्या घड्याळातला फरक एवढी एक ओळ टाका.

बाबा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परत येतायत, तोवर तिकडे घड्याळ तासभर मागे गेलेलं असेल आणि फरक साडेदहा तासांचा होईल. डॉक्टरांना विचारून गोळ्यांचा तक्ता केलाय, निघाल्यापासून किती तासांनी कुठली गोळी असा, आणि घड्याळाला विमानात हात लावायचा नाही असं आईला बजावून सांगितलंय.

आपला एक वाचक, सांगली