विहिरीला कुलूप लागतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘ईव्हन द रेन’ या स्पॅनिश चित्रपटावरचा लेख काल दुपारी वाचला आणि रात्री झोप लागली नाही. कोलंबसावर चित्रपट काढायला बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात गेलेली मंडळी तिथल्या पाण्याच्या आंदोलनात सापडतात, अशी त्याची कथा. छायाचित्रण, अभिनय यांचं कौतुक केलंय, ते योग्यच आहे. पण कोलंबसाची स्वारी आणि पाण्याचं आंदोलन यांची सांगड ‘ओढूनताणून’ घातली आहे, आणि कंपनीची माणसं विहिरीला कुलूप ठोकायला येतात तो प्रसंग ‘अतिरंजित’ वाटतो, असं लेखकानं लिहिलंय. विहिरीला कुणी कुलूप लावतं का, असंही विचारलंय.

लावतात. आमच्या बोअरला लावलं होतं.

१९९४ साली आम्ही गावाबाहेरच्या लेआउटमध्ये घर बांधलं, तेव्हा तिथं नळाची लाइन नव्हती. बावीस घरांनी प्रत्येकी अडीच हजार वर्गणी काढली. एकदम देणं झेपेना त्यांनी तीन हप्त्यांत दिली. बोअरची गाडी रात्री आली. दोनशे फुटांपर्यंत नुसता पांढरा फुफाटा, सगळ्यांच्या केसांत, पांघरुणांत. पहाटे तीनच्या सुमाराला चिखल उडाला आणि पोरं अंथरुणातून उठून तशीच त्यात भिजली. पाणी जरा मचूळ होतं, त्यात डाळ लवकर शिजायची नाही. पण मोटार कधी लावायची, वॉल कुणी फिरवायचा, लाइटबिल कसं वाटायचं, हे सगळं आमचं आम्ही ठरवायचो. ती वही चौदा वर्षं माझ्याकडे होती. कुणाकडे लग्न असलं की त्या दिवशी बाकीचे आपली पाळी सोडायचे, तेही वहीत लिहिलेलं आहे.

मग गावचं पाणी एका ठेकेदार कंपनीकडे गेलं. एका सकाळी दोन तरुण मुलं आली, हातात इंग्रजीत छापलेला कागद. हद्दीतले सगळे स्रोत आता करारात येतात, बोअरवर मीटर बसेल, इथं सही करा. मी शिक्षिका, म्हणून मला तो वाचता तरी आला. आमच्यातल्या निम्म्या घरांना तो वाचता येत नव्हता आणि त्या मुलांनाही तो समजावून सांगता आला नाही. मी सही केली नाही. चौथ्या दिवशी मोटारीच्या खोलीच्या कडीला नवं पितळी कुलूप आणि त्यावर लाखेचं सील. एकोणीस दिवस ते तसंच होतं, भर एप्रिलमध्ये. शेजारच्या आजींची सून बाळंतीण होती. आजी रोज सकाळी बादली घेऊन तिथं जायच्या, कुलूप हातात घेऊन बघायच्या आणि परत यायच्या. मोर्चा निघाला, गावभर ओरड झाली, तेव्हा सील निघालं आणि पुढे करारही मोडला. तो कागद मात्र मी अजून ठेवलाय.

म्हणून चित्रपटातल्या त्या बायका अधिकाऱ्यांच्या आणि पोलिसांच्या समोर विहिरीपाशी उभ्या राहतात, तेव्हा मला त्यात तसूभरही अतिशयोक्ती दिसली नाही. कोचाबांबात हेच झालं होतं. गावच्या दक्षिणेला नगरपालिकेचं पाणी पोचतच नव्हतं, लोकांनी सहकारानं विहिरी खोदल्या, स्वतः चर खणून पाइप टाकले. सप्टेंबर १९९९ मध्ये सरकारनं शहराचं पाणी चाळीस वर्षांसाठी ‘आगुआस देल तुनारी’ या कंपनीला दिलं. बोली लावणारी ती एकटीच, आणि तिच्यामागे अमेरिकेची बेक्टेल ही बडी बांधकाम कंपनी. पाठोपाठ आलेल्या कायद्यानं लोकांनी खोदलेल्या विहिरीही कंपनीच्या कक्षेत आल्या. साठवलेल्या पावसालाही परवाना लागेल अशी धास्ती लोकांनी घेतली, ‘ईव्हन द रेन’, म्हणजे ‘पाऊससुद्धा’, हे चित्रपटाचं नाव त्यातूनच आलंय. तुमच्या लेखात फक्त दरवाढ आहे. दर वाढले हे खरंच, काहींची बिलं दुपटीच्या वर गेली. पण नुसत्या बिलासाठी माणसं एवढी पेटत नाहीत हो. आपण खोदलेल्या विहिरीपाशी उभं राहून ‘ही तुमची नाही’ असं ऐकावं लागलं, ते त्यांना लागलं.

आणि कोलंबसाचा संबंध काय, तर हाच. १२ ऑक्टोबर १४९२ ला तो किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्यानं ताफ्याच्या लेखनिकाला बरोबर घेतलं होतं. राजाराणीच्या नावानं बेट ताब्यात घेतल्याची नोंद तिथंच केली, आणि तिथं राहणारे लोक भोवती उभे राहून बघत होते. पुढे १५१३ पासून तर स्पेननं एक जाहीरनामाच तयार ठेवला होता. लढाईआधी तो वाचून दाखवायचा, स्पॅनिशमध्ये, स्पॅनिशचा एक शब्द न कळणाऱ्यांना. ऐकलं नाहीत तर होणाऱ्या नाशाला तुम्हीच जबाबदार, असं त्यात लिहिलेलं. माझ्या कपाटातला कागद आणि तो जाहीरनामा यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. दिग्दर्शिकेनं हे दोन काळ शेजारी ठेवले यात ओढाताण कुठे आहे?

लेखात आणखी एक गोष्ट सुटली. चित्रपटातला निर्माता फोनवर इंग्रजीत सांगतो की हे लोक दिवसाला दोन डॉलरवर खूष आहेत. शेजारी उभा असलेला तिथलाच नट दानिएल अमेरिकेत बांधकामावर राबून आलेला, त्याला सगळं कळतं. कोलंबसाचे अत्याचार दाखवायला आलेली माणसंच स्वस्तात माणसं शोधत होती, हा चित्रपटाचा गाभा आहे. चित्रीकरणात काम करणाऱ्या तिथल्या बायकांना तान्ह्या मुलांना पाण्यात बुडवण्याचा प्रसंग करायला सांगतात. बाहुल्या वापरू म्हणतात, तरी बायका तयार होत नाहीत. हा प्रसंग लेखकानं एका ओळीत ‘संथ’ म्हणून निकालात काढला. मला तिथं आमच्या आजी आठवल्या.

शेवटी ‘लोक जिंकले आणि प्रश्न सुटला’ असं लिहिलंय, तेही अर्धं आहे. ८ एप्रिल २००० ला सरकारनं आणीबाणी लावली, त्याच दिवशी सतरा वर्षांचा व्हिक्टर ह्यूगो दासा गोळी लागून गेला. दोन दिवसांनी करार रद्द झाला. कंपनीनं उलट अडीच कोटी डॉलरच्या भरपाईचा दावा लावला. तो २००६ च्या जानेवारीत जगभरातून टीका झाल्यावर दोन बोलिव्हियानोंवर, म्हणजे तिथल्या दोन नाण्यांवर, मिटला. पण दक्षिणेकडच्या वस्त्या त्यानंतरही कित्येक वर्षं टँकरचं पाणी विकत घेत राहिल्या. जिंकूनही नळ आला नाही. हे वाचकांना सांगायला हवं होतं.

जाता जाता एक विनंती. आमचा बोअर २०१६ च्या दुष्काळात आटला, तेव्हापासून आम्ही नळावर आहोत आणि पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. तुम्ही दुसऱ्या पानावर प्रभागवार पाणी सोडण्याचं वेळापत्रक छापत होता, ते गेल्या जूनपासून बंद केलंत. परवा दुपारी पाणी येऊन गेलं तेव्हा मी पेन्शनसाठी बँकेत रांगेत होते. आता पुढच्या आठवड्यापर्यंत दोन पिंपांवर काढायचंय. ते वेळापत्रक कृपया पुन्हा सुरू करावं.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका
(नाव छापू नये)