पत्रक मराठीत, वॉरंटी इंग्रजीत

सातारा
दि. १२ मे २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: आपल्याच मराठी पत्रकाप्रमाणे लिंबू सोडा केल्याने बंद पडलेलं मशीन आणि नाकारलेली वॉरंटी

महोदय / महोदया,

तुमच्या ग्राहक सेवेशी फोनवर माझं आतापर्यंत पाच वेळा बोलणं झालंय. दर वेळी नवीन माणूस आणि दर वेळी रामायण पहिल्यापासून. म्हणून आता सगळं एकदाच कागदावर उतरवते आहे. पत्र लांबलं तर लांबलं.

१ मार्चला मी तुमचं घरगुती सोडा मशीन ऑनलाइन मागवलं. किंमत ६,४९९ रुपये, सोबत गॅसचा एक सिलिंडर आणि एक लिटरच्या दोन बाटल्या. मशीनबद्दल तेव्हा माझी काहीही तक्रार नव्हती, उलट पाचसहा घरी मी कौतुकच केलं. गार पाणी भरायचं, बाटली अडकवायची, खटका दाबायचा, सुस्कारा ऐकू आला की सोडायचा. ५ एप्रिलपर्यंत मी या मशीनवर ३६ बाटल्या सोडा केला. आकडा अंदाजे नाही. हायस्कूलात २८ वर्षं विज्ञान शिकवलंय, वहीत नोंद केल्याशिवाय मला चैन पडत नाही.

४ एप्रिलला दुसरा सिलिंडर आला. त्या खोक्यात एक रंगीत मराठी पत्रक होतं: ‘उन्हाळा स्पेशल! लिंबू सोडा, थेट बाटलीत’. त्यावर तुमच्याच कंपनीचं चिन्ह आहे आणि खाली तुमच्याच ग्राहक सेवेचा नंबर. मजकूर जसाच्या तसा देते: ‘बाटलीत रेषेपर्यंत नळाचे पाणी घ्या. त्यात दोन लिंबांचा रस, चार चमचे साखर व चिमूटभर मीठ टाका. बाटली मशीनला लावून बटण तीन वेळा दाबा. आनंद घ्या!’ शेजारी चित्र. मशीनला लावलेल्या बाटलीत पिवळसर सरबत आणि त्यात तरंगणारी लिंबाची चकती.

खरं सांगायचं तर वाचताना मला शंका आली होती. माझ्या सासऱ्यांची एसटी स्टँडजवळ सोड्याची गाडी होती. गोटीच्या बाटल्या, हाताने फिरवायचं यंत्र, बाटली फुटली तर काचा उडू नयेत म्हणून भोवती जाळी. भरताना बाटली उलटी व्हायची आणि गॅसच्या दाबाने गोटी गळ्यातल्या रबरी वायसरावर घट्ट बसायची. (ही बाटली १८७२ साली इंग्लंडमध्ये हायरम कॉड नावाच्या माणसाने काढली, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “त्याला म्हणावं, वायसर जरा चांगलं लाव.”) तर या माणसाने आयुष्यात कधी यंत्राला लिंबू लागू दिलं नाही. लिंबू पेल्यात, मीठ पेल्यात, वरून सोडा. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी हाच क्रम. मग मी का ऐकलं पत्रकाचं? कारण ते छापलेलं होतं. नवीन मशीन आहे, काही तरी सोय केली असेल असं वाटलं. शिकलेल्या माणसाचा छापील कागदावर जरा जास्तच विश्वास असतो.

६ एप्रिलला रविवार होता आणि रामनवमी. घरी पंधराएक माणसं. बाराला पाळणा म्हणून झाला, सुंठवडा वाटला, आणि सगळ्यांना मशीनचा लिंबू सोडा पाजायचा म्हणून मी पत्रक समोर ठेवून कामाला लागले. पहिला दाब दिला, काही झालं नाही. दुसऱ्या दाबाला बाटलीत पांढरा फेस सरसर चढला आणि मशीनच्या आत, जिथून गॅसची नळी खाली येते, तिथपर्यंत गेला. तिसरा दाब मी दिलाच नाही. दाब सुटावा म्हणून बाटली हलकेच पुढे ओढली आणि सरबताचा फवारा थेट छतावरच्या पंख्यावर गेला. पंखा चालू होता. पुढचं तुम्हीच समजून घ्या. पाळण्यातल्या रामाच्या टोपड्यापासून आमच्या आत्याबाईंच्या चष्म्यापर्यंत सगळ्यांना समान वाटप झालं. लोक हसले, मीही हसले. तोवर ती गंमतच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर मुंग्यांची रांग लागली होती. ओट्याखालून निघालेली आणि बरोबर नळीच्या भोकात शिरणारी. कोमट पाण्यात फडकं भिजवून जेवढं पुसता आलं तेवढं पुसलं, पण आतलं सरबत वाळून गोंदासारखं झालं होतं. खटका दाबला की तो खालीच राहायचा, सुस्कारा तर येईचना.

हा सुस्कारा बंद होणं मला सगळ्यात गंभीर वाटतं, आणि तुमच्याकडच्या एकाही माणसाला ते समजावून घ्यावंसं वाटलेलं नाही. बाटलीत जादा दाब झाला की तो बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह तिथेच असतो, सुस्कारा त्याचाच. त्यात साखर वाळून बसली तर दाब जाणार कुठून? मी मशीनचा सिलिंडर काढून बाजूला ठेवला. पण पत्रक काही माझ्या एकटीच्या खोक्यात आलं नसणार. दुसऱ्या कुणाच्या घरी एखाद्या मुलाने अडकलेला खटका जोर लावून दाबला तर काय होईल, याचा विचार तुम्ही करा.

आता तुमच्या उत्तराकडे येते. ७ एप्रिलला मी फोन केला. फोटो मागवले, दिले. व्हिडिओ मागवला, नातवाने काढून पाठवला. १५ एप्रिलला तुमचा मेल आला: पाण्याव्यतिरिक्त अन्य द्रव वापरल्यामुळे वॉरंटी रद्द, माहितीपुस्तिकेचं पान ७ पाहावं, दुरुस्ती हवी असल्यास १,८५० रुपये भरावेत. पान ७ मी पाहिलं. इंग्रजीत, बारीक टायपात, खरंच लिहिलंय की फक्त साध्या पाण्यातच गॅस भरावा आणि रस, साखर वगैरे नंतर घालावं. अगदी बरोबर लिहिलंय. मग मराठी पत्रकात त्याच्या उलट का लिहिलं, असं मी २२ एप्रिलला फोनवर विचारलं. उत्तर मिळालं, “मॅडम, वो सिर्फ प्रमोशन के लिए है. मॅन्युअल ही फायनल है.”

म्हणजे विकायचं मराठीत आणि नाकारायचं इंग्रजीत. माझं इंग्रजी बरं आहे. पण ज्यांचं नाही, त्यांनी सहा हजारांची वस्तू घेऊन तुमच्या कुठल्या कागदावर विश्वास ठेवायचा? मराठी पत्रक वाचून मराठी माणूस लिंबू पिळणार हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून तर ते छापलंत.

चूक कशी झाली असावी याचा माझा एक अंदाज आहे. सरबतातही गॅस भरता येतो अशी वेगळ्या बनावटीची मशिनं बाजारात मिळतात. त्यांत दाब हळूहळू सोडायची वेगळी सोय असते. तसल्या एखाद्या मशीनची कृती कुणीतरी उचलून, भाषांतर करून तुमच्या पत्रकात टाकली असावी आणि छापण्याआधी एकानेही ती करून पाहिली नसावी. एक बाटली केली असती तरी कळलं असतं. लिंबाचा गर, न विरघळलेली साखर, मिठाचे दाणे, या प्रत्येक कणाभोवती गॅसचे बुडबुडे धरतात आणि रसामुळे फेस लवकर मोडत नाही. त्यात ‘नळाचे पाणी’! एका वातावरणाच्या दाबाला शून्य अंशाच्या लिटरभर पाण्यात साधारण ३.३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मुरतो, २० अंशांच्या पाण्यात जेमतेम १.७ ग्रॅम. एप्रिलात आमच्या गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्यात किती मुरेल याचा हिशेब तुमच्या इंजिनिअरने करावा. उरलेला गॅस फेस घेऊन वरच येणार.

हिशेबाचा विषय निघालाच आहे तर ‘एका सिलिंडरमध्ये ६० लिटर’ या दाव्याबद्दलही सांगते. पहिला सिलिंडर मी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर नवा असताना तोलला आणि रिकामा झाल्यावर तोलला. फरक ४२१ ग्रॅम. तुमच्या छापील ४२५ ग्रॅमशी जुळतो, माझ्या काट्यात तेवढा फरक असू शकतो. गॅस पुरता दिलात, यात तुमचा दोष नाही. पण बाटल्या झाल्या ३६. शिवाय तुमची ‘एक लिटर’ची बाटली रेषेपर्यंत भरली की त्यात ८४० मिलिलिटर पाणी मावतं, मी मापाने मोजलंय. म्हणजे एकूण सोडा झाला ३० लिटर, बरोबर निम्मा. ६० लिटर करायचे तर लिटरमागे ७ ग्रॅम गॅस पडतो आणि त्यातला एक ग्रॅमही बाहेर जाता कामा नये. तुमचं मशीन तर दर वेळी सुस्कारा टाकून गॅस सोडतं, तशीच त्याची रचना आहे. मग हा ६० आकडा कुणाच्या घरी मोजलात?

लिंबू सोडा कसा करायचा हे तुमच्या पत्रकात यायला हवं होतं. आलं नाही, म्हणून मीच लिहून देते, पुढच्या छपाईत खुशाल वापरा. पैसे मागणार नाही. पाणी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावं. बाटली रेषेपर्यंतच भरावी, वर जागा लागतेच. खटका एकदम दाबून न धरता दोन-तीन वेळा थोडा थोडा दाबावा आणि शेवटच्या सुस्काऱ्यानंतर अर्धा मिनिट थांबून मग बाटली काढावी. पेल्यात आधी साखरेचा पाक, कोरडी साखर नको. ती ढवळण्यात निम्मा गॅस उडून जातो. पाकात अर्ध्या कागदी लिंबाचा रस, बी काढून, चिमूट काळं मीठ, आवडत असेल तर भाजलेल्या जिऱ्याची पूड. मीठ रसात पूर्ण विरघळू द्यावं. सोडा ओतल्यावर वरून मीठ टाकलं की पेला उतू जातो, गाडीवर नव्या पोऱ्याची ही चूक ठरलेली असायची. मग पेला तिरका धरून कडेने सोडा सोडावा आणि चमचा तळाशी घालून एकदाच वर उचलावा. ईडलिंबू मिळालं तर त्याच्या सालीचा जरा वास लावावा, पण रस कागदी लिंबाचाच बरा. हे सगळं पेल्यात. मशीनला पाण्याशिवाय काही लागू द्यायचं नाही.

माझ्या मागण्या अशा. मशीनचा व्हॉल्व्ह आणि खटक्याचा भाग विनामूल्य बदलून द्यावा किंवा मशीन बदलून द्यावं. १,८५० रुपये मी भरणार नाही. ते पत्रक ज्यांना ज्यांना गेलं त्या सगळ्यांना, मराठीतून, ‘ही कृती करू नका’ असं कळवावं. त्यांचे पत्ते आणि फोन तुमच्याकडे आहेत, कारण सिलिंडर तुम्हीच घरपोच देता. पान ७ वरची सूचना मराठीत छापून मशीनवरच चिकटवावी. आणि ६० लिटरचा दावा एक तर सिद्ध करावा, नाही तर काढून टाकावा. सिलिंडर यायला लागलेल्या १८ दिवसांबद्दल मी वेगळं काही मागत नाही, पण उन्हाळ्यात १८ दिवस म्हणजे फारच झालं.

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ८४ तुमच्या कायदा विभागाने एकदा वाचावं. वस्तू वापरायची योग्य सूचना किंवा चुकीच्या वापराविषयी इशारा पुरेसा दिला नाही, तर उत्पादकाची जबाबदारी कशी येते ते त्यात आहे. इथे तर सूचना अपुरी नाही, उलटी आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि नंतर इथल्याच जिल्हा आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पडत नाही. मी निवृत्त आहे, मला वेळ भरपूर आहे.

उत्तर मराठीत द्यावं. फोन करायचा असेल तर दुपारी दोन ते चार सोडून करावा.

आपली,
एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, १५ एप्रिलच्या मेलची प्रत, ३६ बाटल्यांच्या नोंदीच्या वहीची झेरॉक्स, पंख्याचे व मशीनचे चार फोटो, मराठी पत्रकाची रंगीत झेरॉक्स. मूळ पत्रक माझ्याकडेच राहील.