दुसरा अहवाल शाळेच्या कपाटात

मा. संपादक,
जय सेवा.

आदिवासी तरुणांच्या आरोग्यविषयक अज्ञानावरचा आपल्या अंकातला लेख काल वाचला. लेखकाचा कळवळा खोटा आहे असे मी म्हणणार नाही. पण शिकलेली मुलेसुद्धा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचे कार्ड बाळगतात आणि त्याचा अर्थ त्यांना सांगता येत नाही, असे त्यांनी लिहिले आणि दोष मुलांवर, आजाऱ्याला पाहणाऱ्या गावच्या पुजाऱ्यावर आणि आमच्या चालीरीतींवर टाकून ते मोकळे झाले. अर्थ सांगता येत नाही हे खरे आहे. तो मुलांना कुणी आणि कधी सांगितला, याबद्दल मात्र अख्ख्या लेखात एक ओळ नाही. म्हणून हे पत्र.

माझा धाकटा भाऊ आश्रमशाळेत नववीत असताना तिथे तपासणीचे पथक आले. बोटातून रक्त घेतले, नळीत टाकले, नळीतले पाणी गढूळ झाले की पॉझिटिव्ह. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी पॉझिटिव्ह मुलांची नावे मोठ्याने वाचून त्यांना रांगेबाहेर उभे केले. तुम्हाला सिकलसेल आहे, गोळ्या घेत जा, एवढे सांगितले आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या वाटल्या. झाले समुपदेशन. ही पहिली चाचणी रक्तात दोष आहे एवढेच सांगते. मुलगा नुसता वाहक आहे, म्हणजे दोष एकाच पालकाकडून आलेला, की त्याला प्रत्यक्ष आजार आहे, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी करावी लागते. भावाचे रक्त त्यासाठी पाठवले होते. अहवालही आला, पण तो शाळेत आला आणि शाळेच्या कपाटातच राहिला.

भाऊ स्वतःला आजारी समजूनच मोठा झाला. पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावायचा, ते त्याने सोडले. व्हॉलीबॉल सोडला. तालुक्याच्या बाजारात बसणाऱ्या एका वैद्याकडून रक्त शुद्ध करायचे औषध विकत घेऊ लागला. घरी कुणाला बोलला नाही. याला आपले लेखक अज्ञान म्हणतील. मला तो रांगेबाहेर उभ्या केलेल्या पोराचा धसका वाटतो.

पुढे त्याची सोयरीक जुळली. साक्षगंधाचा दिवस ठरला. मुलीच्या वडिलांनी उपकेंद्रात चौकशी केली तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने दारातच, चार लोकांसमोर सांगून टाकले, "त्या पोराले सिकलसेल हाय, पाहून घ्या तुमचं तुमी." सोयरीक मोडली. मुलीची तपासणी आधीच झालेली होती आणि ती नॉर्मल होती. मी शाळेत गेले, भांडले, कपाट उघडायला लावले. अहवालावर एएस लिहिले होते. म्हणजे भाऊ वाहक होता, आणि वाहकाला सहसा कसलाही त्रास होत नाही.

आता यातला हिशेब मी इथे स्पष्ट लिहिते, कारण तो आपल्या लेखातही नव्हता. एक जण वाहक आणि दुसरा नॉर्मल असेल, तर त्यांच्या पोटी सिकलसेलचा रुग्ण जन्मत नाही. मूल वाहक असण्याची शक्यता निम्मी, पूर्ण नॉर्मल असण्याची निम्मी. काळजी करायची ती दोघेही वाहक असतील तेव्हा. अशा जोडप्याचे मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि ती दर बाळंतपणाला नव्याने असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली असे होत नाही. त्या कर्मचाऱ्याला हे माहीत असते आणि त्याने मुलीच्या वडिलांना आत बसवून सांगितले असते, तर आज ती मुलगी माझी भावजय असती.

आमच्या लोकांना आनुवंशिकता समजत नाही, असे कृपा करून लिहू नका. आमच्यात सोयरीक बोलताना म्हातारी माणसे आधी देव विचारतात, म्हणजे कुळाचे देव किती ते. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. ज्यांचे देव सारखे ते भाऊ-बहीण, त्यांच्यात लग्न होत नाही. कोणत्या कुळातला मुलगा कोणत्या घरी चालतो, हे शाळेचे तोंड न पाहिलेली डोकरी आजूबाजूच्या गावांतल्या घरांसकट न चुकता सांगते. माझ्या आजीला मी वाहकाचा हिशेब गोंडीत सांगितला. तिने एकदाच ऐकले आणि विचारले, मग साक्षगंधाआधी दोघांचेही रक्त का पाहत नाही?

नववीच्या विज्ञानाच्या ज्या पुस्तकातून आम्ही शिकलो, त्यात आनुवंशिकतेच्या धड्यात हा आजार होता. मुलांनी तो पाठ केला, पेपरात लिहिला, गुण मिळवले. त्याच बाकावर बसलेल्या पॉझिटिव्ह मुलाला मात्र हा धडा तुझ्याबद्दल आहे, असे कुणी सांगितले नाही.

ज्यांना खरोखरच आजार आहे, त्यांची गोष्ट तर याहून वाईट. भाताच्या रोवण्याच्या दिवसांत दिवसभर बांधीतल्या पाण्यात भिजत राबले की रात्री त्यांची हाडे ठणकतात. तेंदूपत्त्याच्या हंगामात मे महिन्याच्या उन्हात पाण्याविना जंगल फिरले तरी तेच. गारठा, तहान, ताप, अतिश्रम यांमुळे रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून ते दुखणे येते. या आजारावरची हायड्रॉक्सियुरियाची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती रोज घ्यायची असते. माझ्याकडे शिकवणीला येणारी एक मुलगी ती फक्त दुखेल तेव्हा घेत होती, कारण कागदाच्या पुडीवर काहीच लिहिलेले नव्हते. मूल व्हावे असे वाटू लागले की ही गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे डॉक्टरांना विचारावे लागते. हे वसतिगृहातल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलींना कोण सांगणार? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, हे त्या मुलीच्या घरी माझ्याकडूनच कळले.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेलचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे ठरले आहे. चांगलेच आहे. पण तपासणी किती झाली हे सगळे छापतात. त्यातल्या किती जणांना समोर बसवून, त्यांच्या भाषेत, दार लावून समजावून सांगितले, हे कोणी विचारत नाही. आपणही विचारले नाही.

आणि समजावून सांगितले की काय होते, हे पाहायला लांब जायला नको. आमच्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत तिथल्याच बायकांना नवजात बाळाचा न्यूमोनिया आणि जंतुदोष ओळखायला शिकवले, इंजेक्शन द्यायलासुद्धा शिकवले. बाळे वाचली. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्या बायका काही डॉक्टर नव्हत्या. मग कॉलेजात जाणाऱ्या, मोबाइलवर स्वतःचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या, जात वैधतेच्या कागदांसाठी कार्यालयांचे उंबरठे झिजवणाऱ्या आमच्या मुलांना एक अहवाल समजणार नाही, हे मला कसे पटावे?

माझे मागणे मोठे नाही. दुसरा अहवाल मुलाच्या हातात द्या, शाळेच्या नव्हे. नावे रांगेत वाचू नका. गोंडी, माडिया, कोलामी, कोरकू बोलणारी आमचीच शिकलेली मुले-मुली या कामावर पगार देऊन नेमा. आणि पुजाऱ्याला दोष देण्याआधी एवढे पाहा की तो आजाऱ्याच्या शेजारी बसून तासभर बोलतो. आमच्या गावचा पुजारी ताप उतरला नाही तर स्वतःच दवाखान्यात न्यायला सांगतो.

आणखी एक. लेखासोबत आपण रेला नाचणाऱ्या मुलींचे छायाचित्र छापले. मलेरिया असो, कुपोषण असो की सिकलसेल, आमच्याबद्दलची बातमी आली की नाचाचा फोटो ठरलेला. या वेळी तर मुलींचे चेहरे स्पष्ट ओळखू येतात आणि वर ठळक अक्षरात आजाराचे नाव आहे. उद्या त्यांच्यापैकी कुणाची सोयरीक त्या फोटोमुळे अडली तर? त्या मुली कार्यक्रमात नाचायला आल्या होत्या, तपासणीला नव्हे. निदान त्या मुलींसाठी आपण खुलासा छापावा.

पत्र छापल्यास माझे नाव आणि गाव देऊ नये. घरात अजून लग्ने व्हायची आहेत.

आपली,
एक वाचक
ता. धानोरा, जि. गडचिरोली