डार्क एनर्जी खरंच कमी होतेय का?

प्रिय मित्रा,

तू विचारलंस डार्क एनर्जी कमी होतेय हे खरं का, फोनवर ते मावलं नसतं म्हणून लिहितेय.

आधी एक, डार्क मॅटर आणि डार्क एनर्जी ही पार वेगळी प्रकरणं आहेत. डार्क मॅटर ओढतं. खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रूबिनने १९७० च्या दशकात मोजलं की गॅलेक्सीच्या कडेचा भागही आतल्याइतक्याच वेगाने फिरतो, दिसणाऱ्या वस्तुमानात ते बसतच नाही. डार्क एनर्जी उलटी, तिच्यामुळे विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय, हे १९९८ ला सुपरनोव्हांवरून, म्हणजे फुटणाऱ्या ताऱ्यांवरून, कळलं. विश्वात ६८ टक्के ती, २७ टक्के डार्क मॅटर, आणि आपण, तारे, वायू सगळे मिळून जेमतेम ५!

आता माझं काम. विश्व तरुण असताना गरम प्लाझ्मात ध्वनिलहरी धावत होत्या, साधारण ३,८०,००० वर्षांनी त्या थांबल्या आणि त्यांचा ठसा गॅलेक्सींच्या मांडणीत राहिला, म्हणजे आजच्या हिशोबाने ४८ कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास अंतर असलेल्या जोड्या किंचित जास्त सापडतात. तीच आमची मोजपट्टी, वेगवेगळ्या काळात ती केवढी दिसते यावरून प्रसरणाचा इतिहास काढायचा. ॲरिझोनातल्या किट पीक वेधशाळेतल्या डेसी या उपकरणाने प्रकाश गोळा करणारे ५,००० फायबर लावून १.४ कोटींवर गॅलेक्सी आणि क्वेसार (लांबच्या गॅलेक्सींची अतितेजस्वी केंद्रं) मोजले, आणि मार्च २०२५ मध्ये सांगितलं की कॉस्मिक मायक्रोवेव्ह बॅकग्राउंड (तरुण विश्वातून आजवर उरलेला प्रकाश) आणि सुपरनोव्हा सोबत घेतले तर स्थिर डार्क एनर्जीपेक्षा बदलती, म्हणजे आता कमी होत चाललेली, जास्त चांगली बसते.

पण किती ठामपणे? सुपरनोव्हांचा कुठला संच घेतो त्यावर २.८ ते ४.२ सिग्मा (सिग्मा जितका जास्त, तितकी हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता कमी). शोध लागला म्हणायला ५ लागतात, पण मला आकड्यापेक्षा तो संचागणिक हलतो याची जास्त काळजी वाटते. जवळचे सुपरनोव्हा बरेचसे जुन्या सर्व्हेंचे, लांबचे दुसऱ्याच कॅमेऱ्याचे, दोघांच्या कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे माप जुळवण्यात, थोडा जरी फरक राहिला तरी तो डार्क एनर्जी बदलल्यासारखाच दिसू शकतो.

आणि खरं सांगते, मला डार्क एनर्जी बदलतेय असंच निघावं असं फार वाटतं रे, आईन्स्टाईनने १९१७ मध्ये मांडलेला स्थिरांक, म्हणजेच कधीच न बदलणारी डार्क एनर्जी, पुरेसा नाही हे आपल्या हयातीत कळणं केवढी गोष्ट आहे! म्हणूनच ब्लाइंडिंग मला इतकं महत्त्वाचं वाटतं, डेटा मुद्दाम सरकवून ठेवायचा, मॉक कॅटलॉगवर, म्हणजे संगणकावर बनवलेल्या नकली गॅलेक्सींच्या यादीवर, पद्धत तपासायची, ती गोठवायची आणि मगच खरं उत्तर उघडायचं.

चिलीतल्या रूबिन वेधशाळेतून जवळचे आणि लांबचे सुपरनोव्हा एकाच कॅमेऱ्यातून मिळतील, माझा सगळा डोळा तिकडे आहे. तोवर कोणी विचारलं तर सांग, इशारा जोरदार आहे पण निकाल लागलेला नाही.

तुझीच मैत्रीण