दोरी, साप आणि काठी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर आपलं बोलणं अर्धंच राहिलं. तुला मीटिंग होती आणि माझा आवाज कापायला लागला होता, म्हणून मीच 'ठेवते' म्हणाले. तेव्हापासून मनात तेच घोळतंय. लिहून काढल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

विषय लिफ्टचा होता. तुझ्याकडे पुण्याला पंधरा दिवस राहिले, तेव्हा रोज सकाळी पाहत होते. तुमच्या इमारतीला तीन लिफ्ट. दोन आरशांच्या, राहणाऱ्यांसाठी. तिसरी मागच्या बाजूची, पत्र्याची. तिच्यातून कचऱ्याचे डबे, सिलिंडर, फर्निचर आणि घरकामाच्या बायका ये-जा करतात. एक दिवस ती बंद होती. तुझ्याकडे येणाऱ्या ताई नऊ मजले जिना चढून आल्या आणि दारातच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "अहो, पुढच्या लिफ्टने यायचं ना!" त्या म्हणाल्या, "वॉचमन बोलतो, आजी."

हे मी तुला सांगितलं, तर तू म्हणालास की नियम सोसायटीचा आहे, तू केलेला नाहीस. ते खरंच. पण पुढे तू म्हणालास, "आई, हे भेद सगळे डोक्यातले आहेत. मुळात ते नाहीतच. आत्मा सगळ्यांचा एकच. मी जात मानत नाही, उच्च-नीच मानत नाही, त्यामुळे माझ्यापुरता तो प्रश्न संपला." आणि मग अंधारात दोरीच साप भासते, तो वेदान्तातला दृष्टांत दिलास.

तू सकाळी वेदान्ताची प्रवचनं ऐकतोस याचा मला आनंद आहे. पण ते वाक्य ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. तेच वाक्य मी लहानपणी आपल्याच घरात ऐकलं होतं.

नऊ-दहा वर्षांची असेन मी. महाडजवळच्या आमच्या गावी श्रावणात दिवेलागणीला तुझे आजोबा, अप्पा, पडवीत पोथी सांगायचे. त्या संध्याकाळी मनीषापंचकाची गोष्ट होती. शंकराचार्यांच्या नावावर असलेलं पाच श्लोकांचं ते स्तोत्र. आचार्य काशीत गंगेकडे निघालेले, वाटेत समोरून कुत्री घेऊन एक चांडाळ आला. 'दूर हो' असं त्याला म्हटल्यावर त्याने उलट विचारलं: कोणाला दूर करता आहात? अन्नाने बनलेल्या देहापासून अन्नानेच बनलेल्या देहाला, की चैतन्यापासून चैतन्याला? गंगेच्या पाण्यातलं सूर्याचं बिंब आणि चांडाळवाड्यातल्या पाण्यातलं सूर्याचं बिंब यांत अंतर ते काय? आचार्य थबकले, आणि म्हणाले, हे ज्याला कळलं तो चांडाळ असो की द्विज, तो माझा गुरू. शेवटी तो चांडाळ म्हणजे साक्षात भगवान शंकरच निघाला.

हे सांगताना अप्पांचा गळा दाटून आला. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. ते रडणं खरं होतं. अप्पा ढोंगी माणूस नव्हते, हे तू लक्षात ठेव.

अंगणात, पागोळ्यांखाली, डोक्यावर इरलं घेऊन एक म्हातारे उकिडवे बसले होते. खालच्या वाडीतले. दिवसभर त्यांनी आमची लाकडं फोडली होती आणि मजुरीचं भात घ्यायला थांबले होते. पोथी संपल्याशिवाय आई कोठीकडे जाणार नव्हती आणि पडवीत पाय ठेवायची त्यांना मुभा नव्हती. त्यांनी सगळी गोष्ट ऐकली असणार. पाऊस असला तरी अप्पांचा आवाज खणखणीत होता. पोथी संपली, आरती झाली, मग आईने हात उंच धरून, स्पर्श होणार नाही अशा बेताने, वरून त्यांच्या पसरलेल्या फडक्यात भात ओतलं. त्यांना आम्ही कामाच्या नावाने हाक मारायचो. खरं नाव मी कधी विचारलंच नाही.

रात्री मी अप्पांना विचारलं, "तो चांडाळ शेवटी शंकर निघाला, म्हणून नमस्कार केला ना? शंकर नसता निघाला तर?" अप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "झोप आता."

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला निवृत्तीपर्यंत वेळ लागला. जमेल तसं वाचत गेले. त्याच आचार्यांनी ब्रह्मसूत्रं या वेदान्ताच्या मूळ ग्रंथावर लिहिलेल्या भाष्यात अपशूद्राधिकरण नावाचा भाग आहे. शूद्राला वेदाचा अधिकार नाही हे तिथे ठरवलं आहे, आणि वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसं आणि लाख ओतावी हे स्मृतिवचन आधाराला घेतलं आहे. ज्या दर्शनात सगळं एकच ब्रह्म, त्यातच हे. मी ते पान दोन-तीनदा वाचलं. हे दोन्ही एकत्र नांदू शकतं, कारण सत्तेचे मजले केलेले आहेत. पारमार्थिक सत्ता, म्हणजे अंतिम सत्य, तिथे भेद नाही. व्यावहारिक सत्ता, म्हणजे आपलं रोजचं जग, तिथे सगळे नियम जिथल्या तिथे. भ्रमातली दोरी-सापासारखी प्रातिभासिक, म्हणजे नुसती भासणारी, ती तिसरी. तत्त्वज्ञान म्हणून ही मांडणी अजोड आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण माणसाला त्यात एक सोय सापडते. करुणा वरच्या मजल्यावर ठेवायची आणि अंगणातला म्हातारा खालच्या. दोघांची गाठ पडू द्यायची नाही. अप्पांच्या डोळ्यांतलं पाणी वरच्या मजल्यावरचं होतं.

तूही तेच करतो आहेस, बाळा. रागावू नकोस. तुझा पगार, तुझं घरकर्ज, तुझी बढती यांबद्दल बोलताना तू पूर्ण व्यवहारात असतोस. आकडा चुकला तर मनुष्यबळ विभागाला मेल पाठवतोस. ताईंच्या नऊ मजल्यांची गोष्ट निघाली की तू एकदम परमार्थात जातोस. स्वप्नातल्या भुकेला स्वप्नातलं अन्न चालेल, पण जागेपणीच्या भुकेला जागेपणीचीच भाकरी लागते. ज्या पातळीवर दुखतं, औषध त्याच पातळीवर द्यावं लागतं.

आता तुझा दृष्टांत घे. अंधारात दोरी पडली आहे, माणसाला साप दिसला, तो घाबरला. दिवा आणला, दोरी दिसली, भीती गेली. तू म्हणतोस भेदही असाच, नजरेचा दोष. मान्य. पण या गोष्टीत दोरीला काही होत नाही. साप म्हणून तिला काठीने झोडपलं तरी तिला दुखत नाही. समाजात ज्याला आपण साप समजलो, तो माणूस असतो. भ्रम पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आणि काठी त्याच्या पाठीवर. भ्रम खोटा, वळ खरे. पाहणाऱ्याचा भ्रम फिटला, तो हात झटकून निघून गेला, म्हणून वळ जात नाहीत. आणि तो हातात काठी तशीच धरून म्हणत असेल की साप मुळात नव्हताच, तर दोरीने काय म्हणावं?

दुसरं तुझं वाक्य, 'मी मानत नाही'. २०१६ च्या नोव्हेंबरातली ८ तारीख आठव. रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि पाचशे-हजारच्या नोटा मध्यरात्रीपासून चलनातून गेल्या. तू हॉस्टेलवर होतास, खिशात हजाराच्या दोनच नोटा, आणि मेसवाले घेईनात म्हणून मला फोन केला होतास. कागद तोच, शाई तीच. नोटेची किंमत त्या कागदात कधीच नव्हती, सगळ्यांनी मिळून मानलेली होती. जात तशीच मानलेली आहे. पण तू एकट्याने मानायचं सोडलंस म्हणून किराणावाला नोट फेकून देत नाही. तशी तू एकट्याने जात सोडलीस म्हणून तुझ्या मागे लागलेलं घर, आडनाव, वडिलोपार्जित जमीन, आजोबांची पोथी वाचण्याइतकी चार पिढ्यांची अक्षरओळख, हे नाहीसं होत नाही. ते सगळं तुला चालूच आहे. नोट खोटी म्हणणारा माणूस त्याच नोटेने बाजार करत राहतो, तसं.

लहानपणी तुला मी चवदार तळ्यावर न्यायची. तू पायऱ्यांवर बसून खडे मारायचास. त्या तळ्याची गोष्ट तुला पाठ आहे, पण आज मला तिच्यात वेगळंच दिसतं. १९२३ साली मुंबईच्या कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं. म्हणजे कागदावर भेद संपला. तरी पुढली तीन वर्षं तिथे गुरं पाणी प्यायली, अस्पृश्य म्हटलेल्या माणसांनी हात बुडवला नाही, कारण कागद खरा की मार खरा हे त्यांना ठाऊक होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्याच दिवशी गावात परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. नंतर तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून, पंचगव्य मिसळून, मंत्र म्हणत परत ओतलं गेलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. मग कोर्ट. उच्च न्यायालयाचा निकाल लागला मार्च १९३७ मध्ये. एका ओंजळीला दहा वर्षं. आणि १९२७ च्याच डिसेंबरात महाडला भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं की या पाण्यावाचून आम्ही मरत नव्हतो, आम्हीही माणसं आहोत हे सिद्ध करायला तळ्यावर जायचं.

त्या डिसेंबरात मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे आपल्यासारख्याच घरातले होते. त्यांनाही आत्मा एकच आहे हे माहीत असणार. ते तेवढ्यावर थांबले नाहीत.

१९३६ साली बाबासाहेबांनी लिहिलं की जात ही विटांची भिंत किंवा काटेरी तारेचं कुंपण नाही, ती एक कल्पना आहे, मनाची अवस्था आहे. म्हणजे तू म्हणतोस तेच, 'डोक्यातली'! पण तू त्यावरून निष्कर्ष काढतोस की मग ती नाहीच. त्यांनी काढला तो असा, की भिंत पाडून ती जायची नाही, मनातली कल्पनाच बदलावी लागेल. विटांची असती तर गवंडी बोलावून पाडता आली असती.

माझंही सांगते. मी शाळेत रुजू झाले तेव्हा वर्ग झाडायची पाळी वाडीवरच्या मुलींना द्यायची. 'त्यांना सवय आहे' असं मनात म्हणायची, जातीचा शब्दही मनात यायचा नाही. फळ्यावर रोजची तारीख मात्र पुढच्या बाकावरच्या मुली लिहायच्या, अक्षर चांगलं म्हणून. दोन वर्षं हे चाललं. एका सकाळी केरसुणी कोपऱ्यात ठेवून एक मुलगी माझ्याजवळ आली, हात फ्रॉकला पुसले आणि म्हणाली, "बाई, आज तारीख मी लिहू?" तिचं अक्षर सुरेख होतं. मला माहीत नव्हतं, कारण मी कधी खडू दिलाच नव्हता. माझ्या मनात सगळ्या मुली सारख्या होत्या, शपथेवर सांगितलं असतं. ज्या केरसुणीला सवय म्हणत होते, ती मीच लावलेली होती.

सोयराबाईंचा अभंग मी त्यानंतर वर्गात शिकवायला घेतला. चोखोबांची बायको ती. 'देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध' इथे सुरू होतो. आपल्या प्रवचनकारांना एवढीच ओळ पुरली असती. पण ती पुढे जाते: 'देहीचा विटाळ देहीच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म'. विटाळ देहातच जन्मतो, तर सोवळा झाला तो कोण? ती आत्म्याचं सांगून थांबत नाही, सरळ देहाकडे येते, तुमच्या-आमच्या रक्तामांसाच्या देहाकडे, आणि तिथेच जाब विचारते. जिला काठी लागत होती, तिला भ्रमाचं शास्त्र असं वरून खाली आणावं लागलं. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, बाहेरच राहिली. ते गेले १३३८ मध्ये, आणि साने गुरुजी उपोषणाला बसल्यावर विठ्ठलाचं दार सर्वांना उघडलं ते १९४७ मध्ये. अद्वैताची कीर्तनं मधल्या सहाशे वर्षांत एक दिवसही बंद नव्हती.

तू वाईट आहेस असं मला म्हणायचं नाही. अप्पाही नव्हते. म्हणून तर मला भीती वाटते.

तुमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे, तूच सांगितलं होतंस, पार्किंगच्या रंगकामाचा विषय आहे म्हणून. त्या सभेत लिफ्टचा विषय लेखी दे. लोक म्हणतील स्वच्छतेचा प्रश्न आहे, सुरक्षेचा प्रश्न आहे. तेव्हा विचार की ज्या हातांनी आपल्या पोळ्या लाटल्या जातात आणि आपली लेकरं न्हाऊमाखू घातली जातात, ते हात लिफ्टच्या बटणाला लागले तर काय होतं. कदाचित तू एकटा पडशील. पडलास तर फोन कर, कितीही वाजता.

मी पाडव्यासाठी येते आहे. पाडव्याच्या आदल्या दिवशीची बस आहे, सकाळी सातला पोहोचेन. ताई त्याच वेळेला येतात. मी खाली फाटकाशी थांबेन, त्या आल्या की आम्ही दोघी पुढच्या लिफ्टने वर येऊ. त्यांचं नाव मी विचारून घेतलं आहे, तूही विचार. आमसुलं आणि कुळीथपीठ बरोबर आणते. दोन पिशव्या आहेत, एक त्यांच्या घरी जायची आहे.

प्रकृतीला जप.

तुझी,
आई