बटाट्यातली फांदी आणि चोरून आणलेली जास्वंद

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवार पुरवणीत गुलाबाची फांदी बटाट्यात खोचून कुंडीत पुरा आणि महिन्याभरात झाड मिळवा असं फोटोसकट छापून आलं होतं, ते मी केलं. खोटं कशाला सांगू, एक नाही चार बटाटे घातले. तीन सडले आणि असा वास सुटला की सासूबाईंनी कुंडी थेट गच्चीवर रवाना केली, चौथ्याला मात्र खरंच कोंब आले पण ते बटाट्याचे. आता गच्चीत बटाट्याचं छान हिरवंगार रोप आहे आणि त्याच्या मधोमध गुलाबाची वाळकी काडी, घरातले येता जाता हसतात. म्हणून हे पत्र.

गेली वीस बावीस वर्षं मी फांद्यांवरून झाडं करतेय, शिकले ती आमच्या माळीकाकांकडून आणि मेलेल्या काड्यांकडून. बटाटा देतो तो फक्त ओलावा, तो ओल्या वाळूतही मिळतो आणि वाळू सडत नाही. कापलेल्या टोकाला मध आणि दालचिनी लावतात त्याचं पण तेच, फार तर बुरशी थोडी लांब राहील. मुळं फुटतात ती फांदीच्या स्वतःच्या अंगातल्या ऑक्झिन नावाच्या वाढीच्या संप्रेरकामुळे, ते शेंड्याकडच्या कोवळ्या पानांत नि डोळ्यांत (जिथून कोंब फुटतो ती जागा) तयार होतं, खाली उतरत जातं आणि कापलेल्या टोकाशी साठतं, मग तिथून मुळं. दुकानात रूटिंग पावडर मिळते त्यात त्याच जातीचं आयबीए नावाचं रसायन असतं, अवघड झाडांना तिचा उपयोग होतो, पण देशी जास्वंदीला तीसुद्धा लागत नाही हो! आणि हे सगळं वरून खालीच जातं म्हणून फांदी उलटी रोवली की संपलं. आमचे माळीकाका खालचा काप तिरका आणि वरचा सरळ घ्यायचे, मला वाटायचं काही शास्त्र असेल, विचारलं तर म्हणाले काही नाही ताई, शंभर काड्या एकत्र पडल्या की वरचं टोक कुठलं ते कळायला नको का.

खरी गोम आहे ती फांदी कुठली घ्यायची यात. लोक एकतर शेंड्याची लुसलुशीत घेतात, ती दोन दिवसांत मान टाकते, नाहीतर बुंध्याजवळची जाड लाकडासारखी. हवी ती मधली, पेन्सिलीएवढी, वाकवली तर वाकेल पण लगेच मोडणार नाही अशी, वीतभर लांब. खालचा काप डोळ्याच्या जरा खाली, दोन डोळे मातीत जातील असे, खालची पानं काढून टाकायची आणि वरची दोनतीन ठेवली तर ती पण अर्धी कापायची, कारण पानं पाणी उडवत राहतात आणि खाली प्यायला तोंडच नाही अजून. फुलं कळ्या सगळ्या खुडायच्या. जीव तुटतो, पण खुडायच्या. माती म्हणाल तर जाड वाळू नाहीतर वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शेणखत अजिबात नको, बिचाऱ्या फांदीला अजून पोट नाही आणि तुम्ही तिला पुरणपोळी वाढताय, कापलेलं टोक कुजतं त्याने. वरून पाण्याची बाटली बूड कापून उपडी घातली की झालं, पण ठेवायची सावलीत, उन्हात ठेवली तर आत उकडून निघते, हे मी दोन वेळा केलंय.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ते. फांदी लावून पंधरा दिवसांत हिरवे कोंब आले की आनंदीआनंद, फोटो काढून ग्रुपवर टाकायचे, लगेच उन्हात ठेवायची, खत घालायचं, आणि आठवड्यात ती काळी पडून जाते. मग म्हणायचं माझ्या हाताला गुणच नाही. अहो, ते कोंब फांदीत आधीच साठलेल्या शिदोरीवर आलेले असतात, मुळाचा पत्ताच नसतो! बोगनवेल तर यात पटाईत, पानं काढेल, कधीकधी रंगीत फुलंसुद्धा दाखवेल आणि खाली नुसती काडी. शिदोरी संपली की गेली. म्हणून कोंब आले तरी हात लावायचा नाही, उपटून बघायचं नाही (आमच्याकडे हे काम मिस्टर करतात, रोज), जास्वंदीला महिना सव्वा महिना आणि बोगनवेलीला दोन महिने सहज द्यायचे. पारदर्शक ग्लासात लावली तर पांढरी मुळं काचेला टेकलेली दिसतात, नाहीतर हलकेच ओढून बघा, धरून ठेवलं तर समजा लागली.

चाफ्याचं उलटं. चाफा, खुरचाफा म्हणतात तो, त्याला चीक असतो, फांदी कापून लगेच ओल्या मातीत घातली की हमखास कुजते, ती आठ दहा दिवस सावलीत नुसती पडू द्यायची, टोक सुकलं की मग लावायची आणि पाणी अगदी बेताचं. कण्हेर पाण्याच्या बाटलीतसुद्धा मुळं सोडते, पण ती विषारी, कापून झाल्यावर हात साबणाने धुवा आणि पोरांना लांब ठेवा. क्रोटनची मोठी फांदी हवी असेल तर गुटी बांधलेली बरी, म्हणजे फांदी झाडावर असतानाच साल काढून ओलं शेवाळ गुंडाळायचं आणि मुळं फुटली की कापायची. अनंत मला जुलै सोडून कधीच जमला नाही. आणि हायब्रिड जास्वंद, ती थाळीएवढ्या फुलांची, ती बऱ्याचदा कलम केलेली असते, तिची फांदी लागली तरी स्वतःच्या मुळांवर किरकिरी राहते, तिच्यासाठी नर्सरीला पैसे द्यावेत.

आमच्यात म्हणतात की चोरून आणलेली फांदी हमखास लागते. मला आधी हसू यायचं, आता वाटतं त्यात तथ्य आहे, पाप पुण्याचं नाही पण घाईचं. चोरणारा कात्री घेऊन जात नाही, कुंपणाबाहेर आलेली आडवी फांदी झटकन ओढतो, ती जोडाशी फाटते आणि मूळ फांदीची जराशी टाच घेऊन येते, अशा टाचेच्या फांद्या बऱ्याच झाडांना चांगल्या लागतात. आणि चोरीचा माल कोणी टेबलावर ठेवत नाही, तडक घरी जाऊन पुरून टाकतात. विकत आणलेली दोन दिवस पिशवीतच असते.

या सगळ्यावरून आठवलं ते आमच्या सोसायटीचं. दरवर्षी पाऊस सुरू झाला की बोगनवेल, डुरंटा, तगर, अ‍ॅकॅलिफा सगळ्याची छाटणी होते आणि ढीगभर फांद्या कचऱ्याच्या गाडीत जातात, नेमक्या त्याच दिवसांत जेव्हा हवा इतकी दमट असते की काडी नुसती रोवली तरी जगते. मग दिवाळीआधी गार्डन कमिटी तीच झाडं नर्सरीतून विकत आणते. मीटिंगमध्ये बोलले तर एक काका म्हणाले फांदीवरून केलेलं झाड डुप्लिकेट असतं. कसं सांगायचं त्यांना की बोगनवेलीचे बहुतेक रंग आपल्याकडे फांदीवरूनच चाललेत, जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनाला जाऊन आपण जी हौसेने आणतो ती पण कुणाच्या तरी फांदीचीच! डुप्लिकेट नाही, तेच झाड आहे, म्हणून तर रंग फिरत नाही. बी लावून बघा म्हणावं, काय येईल ते देवाला ठाऊक. एक मात्र खरं, मूळ झाडावर पिठ्या ढेकूण असेल तर तोही फांदीबरोबर फुकट येतो, पांढरा कापूस दिसला तर ती फांदी नको.

तर संपादकसाहेब, तुमच्या पुरवणीत बटाट्याऐवजी एवढं छापा की जूनच्या शेवटी छाटणी होईल तेव्हा फांद्या गेटवर ठेवाव्यात, ज्याला हव्या त्याने न्याव्यात. आणि पहाटे फिरायला येऊन काठीच्या आकड्याने आमच्या जास्वंदीची फुलं पिशवीत भरणारे जे गृहस्थ आहेत ते तुमचा पेपर वाचतात हे मला माहिती आहे, काखेत असतो त्यांच्या. त्यांना सांगा, जुलैत बेल वाजवा, चांगली टाचेसकट फांदी काढून देते, आणि फुलं पडतील एवढी वाट बघायला तयार नसाल तर निदान कळ्या तरी सोडा.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे