आई-बाबांना, ऑस्ट्रियातल्या झेल आम झेहून

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा दोन मिनिटांत "बरं, ठेवतो" म्हणतात. या वेळचं बरंचसं बाबांनाच सांगायचं आहे, म्हणून पत्र.

मी बरी आहे. वेळेवर जेवते. जुलै आहे, थंडी नाही. आईने दिलेली सोलं अजून पुरतात. वॉर्डातलं रोजचं तुम्हाला पाठ आहे, ते परत लिहीत नाही.

गेल्या रविवारी ग्रोसग्लॉकनरचा घाट चढून आले. लगेच काळजी नको, गाडी मी चालवत नव्हते. आमच्या मुख्य नर्सबाई चालवत होत्या आणि त्यांचा जन्म याच डोंगरात गेलाय. बर्फाचं म्हणाल तर हा रस्ता हिवाळाभर बंद असतो. मे महिन्यात उघडतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला मिटतो, आणि उन्हाळ्यातही रात्री फाटक लावतात. रात्रीबेरात्री घाटात जायची सोयच नाही.

बाबा, रस्ता ४८ किलोमीटरचा, वळणं ३६. प्रत्येक वळणावर पाटी, तिच्यावर वळणाचा नंबर आणि उंची. आपल्या चोर्ला घाटातल्या वळणांना तुम्हीच नावं दिली होतीत, माकडांचं, पाण्याचं, पंक्चरचं. मला अजून क्रमाने येतात. चोर्ला आपला साधारण ८०० मीटर, तर इथलं आमचं गावच साडेसातशेवर बसलंय. तिथून चढत चढत २,५०४ मीटरवरच्या होखटोरच्या बोगद्यापर्यंत जायचं. आपलं रान माथ्यापर्यंत सोबत करतं. इथे मध्येच झाडं संपतात, मग नुसतं गवत, मग दगड, आणि जुलैतही सावलीत बर्फ. उतरताना खालचा गिअर टाका, अशा पाट्या आहेत. चढला त्याच गिअरात उतरायचं, हे तुमचं वाक्य मी बाईंना सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

फ्रांत्स वालाक नावाच्या इंजिनिअरने हा रस्ता आखला. मंदीत लोकांच्या हाताला काम नव्हतं, तेव्हा १९३० ते १९३५ मध्ये तो बांधला. या रस्त्याने माल कुठला जातो, असं तुम्ही पहिलं विचाराल. कुठलाच नाही, तो बघायलाच बांधलाय. पण त्याच्या कितीतरी आधी याच खिंडीतून लोक मीठ वाहून न्यायचे. रस्ता खोदताना रोमन काळातली हर्क्युलिसची छोटी मूर्तीसुद्धा सापडली. मिठाचं ऐकलं आणि आपल्या मिठागरांतलं मीठ बैलांवर लादून घाटावर नेणारे लमाण आठवले.

आता एक गोष्ट, जी मला अजून नीट कळलेली नाही. जर्मनमध्ये आपल्यासारखंच तू आणि तुम्ही आहे, डू आणि झी. झीचा हिशोब फार कडक. शेजारी वर्षानुवर्षं झी म्हणत राहतात. डूवर यायचं तर मोठ्या माणसाने सुचवायचं, लहानाने नाही. पण डोंगरात हजार मीटरच्या वर गेलं की सगळे एकमेकांना डू म्हणतात! कायदा नाही, नुसता रिवाज. टोलनाका आला तशा बाई म्हणाल्या, "हजाराच्या वर आलो, आता मला डू म्हण." या बाईंसमोर वॉर्डात आम्ही उभ्याने बोलतो. मी तासभर वाक्यंच अशी रचली की दोन्ही टाळता यावेत. वर पायवाटेवर सत्तर वर्षांचे एक आजोबा मला डू म्हणाले, मीही म्हणाले, त्यांना काही वाटलं नाही. असं का, विचारलं तर बाई म्हणाल्या, वर सगळे एकमेकांच्या भरवशावर असतात. आई, हा उद्धटपणा नव्हे गं. सोमवारी वॉर्डात परत झी. मी आईला तू आणि बाबांना तुम्ही म्हणते, हे मात्र त्यांना काही केल्या समजेना.

वर पोचल्यावर खाली बघितलं तर चढून आलेलं एकेक वळण दिसत होतं. सपाट रस्त्यावर मागचं गाव दहा मिनिटांत पुसलं जातं. घाटात तासभर चढलं तरी निघालो ती जागा पायाशी असते. अंजुणेचं धरण दिसायचं त्या वळणावर तुम्ही टेंपो थांबवून म्हणायचात, "ते बघ आपलं घर." घर मला कधीच दिसलं नाही, बाबा. मी हो म्हणायचे.

चवथीला येणं जमत नाही. टोलला पैसे आहेत आणि तिकिटाला नाहीत, असं सावंतवाडीला ताईच्या मनात येईल. टोल बाईंनी भरला. शाळकरी मुलं असणाऱ्यांना रजा आधी मिळते, एवढंच कारण. गणपतीच्या वरची फळापानांची माटोळी बांधायला बाबांनी स्टुलावर चढू नये.

कौलांसाठी चाळीस हजार पाठवलेत. ते कौलांनाच लावा, माझ्या लग्नाचे म्हणून बाजूला ठेवू नका. कोल्हापूरच्या स्थळाला नाही कळवा असं मी म्हणत नाही. मुलगा चांगलाच असेल. पण त्यांना आधी सांगा की मी इथला करार आणखी दोन वर्षांनी वाढवलाय. सही जूनमध्येच केली. फोनवर तीनदा ओठांवर आलं होतं. आई, रागाव, पण जेवण सोडू नकोस.

डिसेंबरात नक्की येते. विमानाचं तिकीट गोव्यातल्या मोप्याचं न काढता बेळगावचं काढते. टेंपो विकला असला तरी कुणाची गाडी मिळेल. बाबा, घाटातून न्यायला याल ना?

तुमची,
लेक